तळघरातल्या दोन टाक्या: हॉस्पिटलातला किरणोत्सारी कचरा जातो कुठे?

नळस्टॉपकर (धागाकर्ता)

मागे इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं होतं की पुण्यातली हॉस्पिटलं किरणोत्सारी पाणी थेट मुठा नदीत सोडतात. त्यावर भरपूर प्रतिसाद आले, निम्मे महापालिकेवर आणि निम्मे एकमेकांवर. पाणी नेमकं जातं कुठून, हे मात्र कुणी विचारलं नाही. म्हणून हा धागा.

माझा धंदा हॉस्पिटलांच्या प्लंबिंग-ड्रेनेजचा. मी डॉक्टर नाही की फिजिसिस्ट नाही. पण या कचऱ्यातला जो भाग पाइपातून वाहतो तो माझ्या ड्रॉइंगवरून वाहतो, त्यामुळे त्याबद्दल बोलायला हरकत नसावी. बाकीचं जाणकारांनी सांगावं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या मशीनमध्ये किरणोत्सारी पदार्थ नसतो. स्विच बंद केला की किरण बंद, मागे काही उरत नाही. एमआरआय आणि सोनोग्राफीचा तर या विषयाशी संबंधच नाही. कचरा तयार होतो तो मुख्यतः न्यूक्लिअर मेडिसिन विभागात, जिथे औषधच किरणोत्सारी असतं आणि ते माणसाच्या पोटात किंवा शिरेत जातं. कॅन्सरच्या रेडिओथेरपीत कोबाल्ट किंवा इरिडियमचे सीलबंद सोर्स वापरतात, त्यांची गोष्ट निराळी आहे, त्याकडे नंतर येऊ.

या औषधांचा स्वभाव समजला की अर्धा विषय समजला. हाडांच्या, किडनीच्या स्कॅनसाठी वापरतात ते टेक्निशियम-९९एम दर सहा तासांनी निम्मं होतं. पेट स्कॅनमधलं फ्लोरीन-१८ तर ११० मिनिटांत. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सहाला टेक्निशियमच्या सिरिंजा, कापूस, हातमोजे पिशवीत बांधून शिशाच्या डब्यात टाकले, तर सोमवारी सकाळी सहापर्यंत दहा वेळा निम्मे होऊन हजाराव्या हिश्श्यावर आलेले असतात. इथे तंत्रज्ञान फार नाही. कुलूपबंद खोली हवी, पिशवीवर तारीख हवी आणि तारीख वाचणारा माणूस हवा.

खरी कसोटी आयोडीन-१३१ची. थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर उरलेल्या पेशी मारायला ते देतात. हाफ-लाइफ (म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ) आठ दिवस. डोस मोठा, १०० मिलिक्युरी (किरणोत्सार मोजायचं जुनं एकक) किंवा त्याच्या आगेमागे, आणि त्यातला बराचसा पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणून त्या रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात आणि त्या खोलीचा कमोड नेहमीच्या ड्रेनेजला जोडायचाच नाही, हा नियम. तो जातो तळघरातल्या डिले टँकमध्ये.

टाक्या किमान दोन. पहिली भरते तेव्हा दुसरी बंद. पहिली भरली की तिचा व्हॉल्व्ह बंद करायचा, दुसरी चालू करायची, आणि पहिलीला हात न लावता पडून राहू द्यायचं. मग नमुना काढून मोजायचा आणि मर्यादेखाली आला तरच पंपाने गटारात सोडायचा. आयोडीन-१३१साठी ही मर्यादा एका घनमीटरला २२.२ मेगाबेकरेल, म्हणजे जुन्या हिशेबात ६०० मायक्रोक्युरी.

आता एक हिशेब मांडून दाखवतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे. समजा आठवड्याला दोन रुग्ण, प्रत्येकी १०० मिलिक्युरी, त्यातलं ८० टक्के टाकीत. म्हणजे आठवड्याला १६० मिलिक्युरीची भर. जुनं कमी होत जातं, नवं पडत राहतं, त्यामुळे काही आठवड्यांनी टाकीतला साठा ३५०च्या आसपास येऊन थांबतो. टाकी ६००० लिटरची. दोघांनी मिळून आठवड्याला ६०० लिटर पाणी वापरलं, तर ती दहा आठवड्यांत भरते. भरली त्या दिवशी घनमीटरला साधारण ५८ मिलिक्युरी. मर्यादा ६०० मायक्रोक्युरी, म्हणजे ०.६ मिलिक्युरी. म्हणजे जवळजवळ शंभरपट जास्त. सात हाफ-लाइफ थांबलं की १२८पट कमी होतं. सात गुणिले आठ, छप्पन्न दिवस, म्हणजे आठ आठवडे. दुसरी टाकी भरायला दहा आठवडे लागणार आहेत, तेव्हा पहिली आरामात रिकामी होते. गणित जुळलं.

आता हे बिघडतं कसं ते ऐका. एका हॉस्पिटलात (नाव विचारू नका, सांगणार नाही) टाकी वेळेच्या निम्म्यातच भरायला लागली. फिजिसिस्ट बाई हैराण. रुग्ण तितकेच, डोस तितकेच. शेवटी आम्ही फॉल्स सीलिंग उघडून पाइप माग काढत गेलो. कॉरिडॉरमध्ये हात धुवायचं एक नवीन बेसिन बसवलं होतं आणि ठेकेदाराच्या माणसाने जवळात जवळचा पाइप पाहून त्याला जोड दिला होता. तो नेमका टाकीचा. पाइपवर पिवळी पट्टी आणि किरणोत्साराचं चिन्ह होतं, पण आदल्या दिवाळीच्या रंगकामात त्यावरही पांढरा हात फिरला होता. अख्ख्या मजल्यावरचे लोक त्या बेसिनला हात धूत होते आणि ते सगळं पाणी आयोडीनच्या टाकीत जात होतं. किरणोत्सारापेक्षा मला रंगारी आणि प्लंबर यांची भीती जास्त वाटते ती यामुळे.

चर्चेला सुरुवात करा.

---

पर्वतीपायथा

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत वाचून प्रतिसाद देईन.

दीड_शहाणा

लेख चांगला आहे, पण एक साधी गोष्ट कळली नाही. मर्यादा 'घनमीटरला इतकं' अशी असेल, तर टाकीत भरपूर पाणी ओतून पातळ करा की. नळ सोडून द्या. आठ आठवडे थांबायची नाटकं कशाला? बेसिनवाल्या प्लंबरने खरं तर उपकारच केले म्हणायचे.

नळस्टॉपकर

@दीड_शहाणा, हा प्रश्न मला एका हॉस्पिटलच्या विश्वस्तांनीही विचारला होता, त्यामुळे उत्तर पाठ आहे.

वरच्याच उदाहरणात आठवड्याला ६००ऐवजी १५०० लिटर पाणी सोडा. टाकी चार आठवड्यांत भरेल. साठा तोपर्यंत ३२० मिलिक्युरीच्या घरात. दुसरी टाकीसुद्धा चारच आठवड्यांत भरणार, म्हणजे पहिलीला मुरायला चारच आठवडे, साडेतीन हाफ-लाइफ. त्यात ती जेमतेम अकरापट कमी होते. उरलं २८ मिलिक्युरी सहा घनमीटरमध्ये, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ आठपट. आणि तोवर दुसरी टाकी काठोकाठ. आता तिसरी टाकी बांधा नाहीतर वॉर्ड बंद ठेवा.

पाणी ओतून किरणोत्सार एक कणही कमी होत नाही, तो फक्त वेळेने कमी होतो. आणि पाण्याने तुम्ही वेळच खर्च करता. म्हणून या खोल्यांत मी लहान फ्लशची टाकी लावतो, आंघोळीचा शॉवर न देता बादली-तांब्या सुचवतो. आर्किटेक्टना हे आवडत नाही. त्यांना 'डीलक्स रूम' हवी असते.

रात्रपाळी

मी आयोडीन वॉर्डात काही वर्षं स्टाफ नर्स होते. पाण्याबद्दल दादांनी सांगितलंय, मी बाकीच्याबद्दल सांगते.

रुग्ण आत जायच्या आधी खोलीची तयारी करायला आम्हाला अर्धा दिवस लागायचा. गादी-उशीला प्लास्टिकचं कव्हर. टीव्हीचा रिमोट, बेलचं बटण, दाराची मूठ, सगळं किचनमध्ये वापरतात तसल्या पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. रुग्णाचा मोबाइलही तसाच, पारदर्शक पिशवीत. कारण आयोडीन नुसतं लघवीत येत नाही, लाळेत येतं, घामात येतं. खोली रिकामी झाली की ते प्लास्टिक काढून पिशवीत, आणि मग मीटर घेऊन एकेक जागा तपासायची. कमोडच्या आसपासची फरशी हमखास वाजायची, विशेषतः पुरुष रुग्ण असेल तर. बसून करा म्हणून सांगितलं तरी ऐकत नाहीत.

जेवण हा वेगळाच विषय. उष्टं म्हणजे लाळ लागलेलं, म्हणजे किरणोत्सारी कचरा. तो नेहमीच्या बादलीत टाकता येत नाही आणि दोन-अडीच महिने ठेवायचा म्हटलं तर सडतो. म्हणून आमच्याकडे त्यासाठी खास डीप फ्रीझर होता. त्यात काय काय असायचं! केळ्याच्या साली, भाकरीचे तुकडे, आमटीतल्या शेवग्याचा चोथा. एका आठवड्यात शेवग्याच्या शेंगांनी फ्रीझर भरला तेव्हा आमच्या सिस्टरांनी स्वयंपाकघराला लेखी कळवलं की या खोलीला शेवगा, हाडाचं मटण, ऊस, सालं असलेली फळं पाठवायची नाहीत. जे पूर्ण खाऊन संपेल तेच पाठवा. ताटली-वाटी कागदाची.

चादरी, रुग्णाचे कपडे तारीख घालून वेगळ्या पिशव्यांत. मोजून सामान्य आल्याशिवाय लाँड्रीत जायचे नाहीत.

सगळ्यात अवघड म्हणजे कॅप्सूल घेतल्यावर पहिल्या तासाभरात उलटी होणं. जवळजवळ सगळा डोस फरशीवर. म्हणून उलटीचं औषध आधीच देतात. माझ्या पाळीत एकदाच झालं. आधी सगळ्यांना बाहेर काढलं, फरशीवर शोषून घेणारा कागद अंथरला, फिजिसिस्टला फोन केला, आणि आम्ही दोघींनी पाळीपाळीने, थोडा-थोडा वेळ आत जाऊन साफ केलं. एकटीनेच सगळं करायचं नाही, म्हणजे कुणा एकीवर जास्त पडत नाही.

साबुदाणा

शेवग्यावर बंदी! आमच्या घरात ही शिक्षा आजारापेक्षा मोठी मानली जाईल.

बाकी ताई, सलाम तुम्हाला. प्रतिसाद वाचताना मी नकळत स्वतःच्या मोबाइलकडे बघितलं.

गामा_काका

मी या क्षेत्रातून निवृत्त झालो, शेवटची बरीच वर्षं रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, म्हणजे आरएसओ म्हणून. नळस्टॉपकरांचं गणित बरोबर आहे. दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

'दहा हाफ-लाइफ झाले की कचरा सुरक्षित' हे वाक्य प्रशिक्षणात सगळे पाठ करतात आणि तिथेच घोटाळा होतो. दहा हाफ-लाइफमध्ये १०२४पट कमी होतं, बरोबर. पण किती होतं त्याच्या १०२४पट? थोडंसं असेल तर सहा हाफ-लाइफही पुरतात, आणि सांडलेला अख्खा डोस पुसलेला कागद असेल तर दहाही पुरत नाहीत. कॅलेंडर बघून पिशवी सोडायची नाही, मीटर लावून सोडायची. आणि तेही साठवणीच्या खोलीत मोजून उपयोग नाही, तिथे शेजारच्या पिशव्यांचे किरण येतात आणि आकडा कधीच खाली येत नाही. पिशवी बाहेर, लांब, साध्या खोलीत नेऊन मोजायची. नवीन मुलं हे विसरतात आणि मग 'सर, मीटर बिघडलंय' म्हणून येतात.

दुसरी गोष्ट ल्युटेशियम-१७७ची. प्रोस्टेट आणि न्यूरोएन्डोक्राइन गाठींसाठी हल्ली ते बरंच वापरलं जातं. हाफ-लाइफ साडेसहा दिवसांच्या वर थोडं, म्हणजे आयोडीनपेक्षाही कमी. वरवर सोपं. पण ते अणुभट्टीत थेट न्यूट्रॉनच्या माऱ्याने बनवलेलं असेल, आपल्याकडे ध्रुव अणुभट्टीत बनतं तसं, तर त्यात ल्युटेशियम-१७७एम नावाचा भाऊ अत्यल्प प्रमाणात असतो. त्याचं हाफ-लाइफ १६० दिवस. दोन महिने ठेवलेली कुपी मीटरला लावली की काटा हलतोच, कारण थोरला गेलेला असतो आणि हा मागे राहिलेला असतो. अशा कुप्या वेगळ्या ठेवाव्या लागतात, फार काळ.

तिसरी, कायद्याची. २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतले पिवळा, लाल, पांढरा, निळा हे रंग सगळ्यांना माहीत आहेत. किरणोत्सारी कचरा त्या नियमांत येतच नाही. तो अणुऊर्जा कायद्याखाली आणि १९८७च्या किरणोत्सारी कचऱ्याच्या नियमांखाली येतो, आणि त्यावर लक्ष ठेवते एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ), जी १९८३मध्ये स्थापन झाली. म्हणजे एकाच सिरिंजला दोन कायदे लागतात. शुक्रवारी अणुऊर्जेचा, आणि क्षय पूर्ण झाल्याचं मोजून लिहिलं की मग जैववैद्यकीय कचऱ्याचा. मधल्या काळात ती हॉस्पिटलच्या बाहेर जाऊ शकत नाही. आणि बाहेर जाताना तिच्यावरचं तीन पाकळ्यांचं चिन्ह फाडून किंवा खोडून टाकायचं. हे फार महत्त्वाचं. निरुपद्रवी पिशव्यांवर ते चिन्ह दिसत राहिलं, तर कचरा गोळा करणाऱ्यांना त्याची सवय होते, आणि ज्या दिवशी खरी पिशवी येईल त्या दिवशी कुणी ढुंकून बघत नाही.

मुळामुठा

काका, एक खाजगी प्रश्न. माझ्या आईला आयोडीन दिलं आणि काही दिवसांनी घरी सोडलं. घरी सोडलं म्हणजे ती 'स्वच्छ' झाली असं समजायचं का? घरात तीन वर्षांची भाची आहे. आमच्या वहिनीने आईचा चहाचा कपसुद्धा गच्चीवर ठेवलाय.

गामा_काका

कप खाली आणा, फक्त घासा वेगळा.

रुग्णाला सोडताना एक मीटर अंतरावर मीटर धरतात. आपल्याकडे तिथे तासाला ५० मायक्रोसीव्हर्टपेक्षा (शरीराला लागणाऱ्या किरणांच्या डोसचं एकक) कमी आलं पाहिजे. म्हणजे शरीरात थोडं आयोडीन उरलेलं असतंच, पण जवळपास वावरणाऱ्यांना धोका होणार नाही इतपत. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून हॉस्पिटलने सांगितलेले दिवस लांब राहायचं: मांडीवर घेणं नाही, शेजारी झोपणं नाही. एका खोलीत जरा लांब बसून गप्पा मारायला काहीच हरकत नाही. टॉवेल, चादर वेगळी धुवा. कमोड दोनदा फ्लश करा. (घरी टाकी नसते, म्हणून घरी दोनदा. वॉर्डात नळस्टॉपकर एकदाही नीट करू देत नाहीत.)

तुमच्या आईला डिस्चार्ज कार्डबरोबर किती डोस दिला, कधी दिला याचं पत्र मिळालं असेल. पुढचे काही आठवडे प्रवासात ते जवळ ठेवा. विमानतळावरची यंत्रं इतक्या थोड्यालाही वाजू शकतात आणि मग समजावत बसावं लागतं. वहिनींना म्हणावं, भीती चांगली आहे, पण सासूला वाळीत टाकू नका. त्या दिवसांत त्यांना बोलायला माणूस लागतं. आधीच थायरॉइडच्या गोळ्या बंद ठेवून माणूस मरगळलेला असतो.

वेचक

इतका वेळ फक्त वाचत होतो, आता राहवत नाही.

मी कचरावेचकांबरोबर काम करतो. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या बायका घरोघरी जाऊन कचरा घेतात आणि हाताने वेगळा करतात, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढी साधी विनंती लोकांपर्यंत पोचवायला किती वर्षं गेली! अजूनही निम्मी घरं उघडंच टाकतात. आता तुम्ही सांगताय की आयोडीन घेतलेला माणूस घरी येतो, शरीरात थोडं उरलेलं असतं. मग त्याचा डायपर, टिश्यू, पॅड कुठे जातं? हॉस्पिटलात डीप फ्रीझर, शिशाचा डबा, रजिस्टर. आणि घरी आल्यावर माझ्या मावशीच्या हातात?

नळस्टॉपकरांनी तळघराबद्दल छान लिहिलं, पण खरी गळती तळघरात नाही, इथे आहे.

रात्रपाळी

@वेचक, मुद्दा शंभर टक्के खरा. डिस्चार्जच्या वेळी आम्ही कागद वाचून दाखवायचो, पण त्या क्षणी नातेवाइकांचं लक्ष रिक्षा मिळते का याकडे असतं. डायपर लागणारे वयस्कर रुग्ण तर आणखी अवघड. शक्य असेल तर त्यांना जास्त दिवस ठेवून घ्यायचं, असं आमचे डॉक्टर म्हणायचे. पण खोल्या मोजक्या आणि यादी लांब.

गामा_काका

वेचक, तुमचा राग समजतो. आकड्यांत सांगायचं तर अशा एखाद्या डायपरने कचरावेचकाला इजा होईल इतका डोस मिळत नाही. पण 'इजा होत नाही' हे उत्तर पुरेसं नाही. ज्याला त्यातून काही फायदा नाही आणि ज्याला सांगितलंही नाही, त्याच्यावर उगीच एक कणही पडू नये, हा आमच्या शास्त्राचा पहिला नियम आहे. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मुभा आहे, कारण त्याच्या छातीवर टीएलडी बॅज (किरणांचा डोस मोजणारा) असतो, त्याची दर तिमाहीला नोंद होते, त्याने ते काम समजून घेतलेलं असतं. सर्वसामान्य माणसाला फक्त १. तुमच्या मावशी या दुसऱ्या गटात.

आम्ही रुग्णांना सांगायचो ते असं: फ्लश होईल ते सगळं फ्लश करा. जे होणार नाही ते दुहेरी पिशवीत बांधा, पिशवीवर तारीख लिहा, बाल्कनी किंवा गच्चीच्या कोपऱ्यात झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि दोन-अडीच महिन्यांनी नेहमीच्या कचऱ्यात द्या. वास येतो, हे खरं. जागा लागते, हेही खरं. वन-बीएचकेत राहणाऱ्याला हे सांगताना माझा आवाज खाली जायचा. अशा लोकांसाठी हॉस्पिटलने या पिशव्या परत घ्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. साठवणीची खोली त्यांच्याकडे आहेच.

वेचक

हॉस्पिटलने परत घ्याव्यात, हे मान्य. हा कागद मराठीत आणि चित्रांसकट असेल तर मला द्या. आमच्या बैठकीत दाखवतो.

रात्रपाळी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

दीड_शहाणा

डायपर वगैरे ठीक आहे हो, पण मायापुरी विसरलात का सगळे? तिथे माणूस मेला होता.

गामा_काका

विसरलो नाही. पण ती वेगळ्या जातीची गोष्ट आहे, आणि दोन्हींची गल्लत झाली की लोक सिरिंजला घाबरतात आणि भंगाराला घाबरत नाहीत.

२०१०मध्ये दिल्ली विद्यापीठाने रसायनशास्त्र विभागातलं एक जुनं गॅमा इरॅडिएटर (नमुन्यांवर किरणांचा मारा करायचं यंत्र) लिलावात भंगार म्हणून विकलं. १९६८चं यंत्र, १९८५पासून पडून. आत कोबाल्ट-६०. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं. सात जण किरणोत्साराने आजारी पडले, एक दगावला. ते हॉस्पिटल नव्हतं, हे लक्षात घ्या. हॉस्पिटलची गोष्ट हवी असेल तर १९८७चं ब्राझीलमधलं गोयानिया. बंद पडलेल्या रेडिओथेरपी क्लिनिकमध्ये सिझियम-१३७चा सोर्स सोडून दिला होता. भंगारवाल्यांनी तो उघडला, आतली पावडर निळसर चमकते म्हणून लोकांनी हाताळली, घरी नेली. चार जण गेले.

कोबाल्टचं हाफ-लाइफ सव्वापाच वर्षं, सिझियमचं तीस. यांना तळघरात मुरवून संपवता येत नाही. म्हणून सीलबंद सोर्सचा नियमच वेगळा आहे: तो संपत आला की पुरवठादाराकडे परत. ब्रॅकीथेरपीतल्या (गाठीच्या आत किंवा अगदी जवळ सोर्स ठेवून करतात ती रेडिओथेरपी) इरिडियम-१९२चं हाफ-लाइफ ७४ दिवस, तो काही महिन्यांत बदलावाच लागतो, नवा येतो त्याच्याबरोबर जुना परत जातो. ती साखळी चालू राहते. साखळी तुटते ती यंत्रच वापरातून गेल्यावर. विभाग बंद होतो, माणसं बदलतात, चावी कुणाकडे ते कळत नाही, आणि एक दिवस कुणीतरी म्हणतं, 'ती खोली रिकामी करा.' दिल्लीत हेच झालं, आणि गोयानियात तर खोली तशीच सोडून दिली होती.

पेठेतला

भवानी पेठेत आमचं पिढीजात भंगाराचं काम आहे. इथे 'भंगारवाले' म्हणून सरसकट बोललं जातं म्हणून लिहितो.

आमच्याकडे शिसं येतं तेव्हा त्याचे जाड बुडाचे छोटे डबे मधूनमधून दिसतात, आकाराच्या मानाने फार जड. काहींवर ते पंख्यासारखं चिन्ह असतं. वडील असं काही आलं की घेतच नाहीत, पण बाकीचे सगळे सोडतील असं नाही, शिशाला भाव आहे. मला सांगा, असा डबा आला तर करायचं काय?

गामा_काका

उघडायचा नाही, तोडायचा नाही, वितळवायचा तर नाहीच नाही. जागेवर सोडून माणसं लांब करायची आणि पोलिसांना कळवायचं, ते एईआरबीला कळवतात. बहुतेक वेळा तो औषधाच्या कुपीचा रिकामा डबा निघेल आणि आत काही नसेल. पण ते ठरवायचं मीटरने, डोळ्यांनी नाही. खरं तर असा डबा तुमच्यापर्यंत चिन्हासकट येणं हीच हॉस्पिटलची चूक. एक तर तो पुरवठादाराकडे परत जायला हवा, नाहीतर तपासून, चिन्ह काढून बाहेर पडायला हवा.

तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. मोठमोठे पोलाद कारखाने गेटवर डिटेक्टर लावतात, ते तुमच्या वडिलांनी नुसत्या वजनाच्या अंदाजावर केलं.

कोथरूडची_मावशी

आमच्या सोसायटीला लागून असलेल्या हॉस्पिटलात आयोडीनचा वॉर्ड होणार, अशी बातमी आली आणि ग्रुपवर नुसता गोंधळ चाललाय. एकजण म्हणाले बाल्कनीतली कोथिंबीर खाऊ नका. दुसरे म्हणाले बोअरचं पाणी बंद करा. रविवारी मीटिंग आहे, 'वॉर्ड होऊ देणार नाही' असा ठराव आणायचं घाटतंय. मला यातलं काही कळत नाही, पण माझ्या बहिणीला याच उपचारासाठी मुंबईला महिनोन्‌महिने नंबर लावून थांबावं लागलं होतं, त्यामुळे विरोधात हात वर करायला जीव होत नाही. तिथे विचारू काय?

पर्वतीपायथा

कोथिंबीर खा हो बिनधास्त. भिंतीपलीकडच्या वॉर्डातून ती किरणोत्सारी होत नाही. रस्त्यावरच्या धुळीची काळजी करा.

नळस्टॉपकर

@कोथरूडची_मावशी, 'वॉर्ड नको'पेक्षा 'वॉर्ड कसा' हे विचारा. एईआरबीची लेआउट मंजुरी आली आहे का आणि आरएसओ कोण, हे पहिलं. मग टाक्या कुठे आहेत ते नकाशावर दाखवायला सांगा. तुमच्या हद्दीच्या भिंतीला टेकून असतील तर भिंतीची जाडी विचारा. टाकी गळली तर ते पाणी अडवायला खाली दुसरा हौद आहे का, भरत आली की अलार्म वाजतो का, आणि ओव्हरफ्लोचा पाइप कुठे सोडलाय, हे नक्की विचारा. शेवटच्या प्रश्नाला 'ड्रेनेजला' असं उत्तर आलं तर मला फोन करा, ते चालत नाही. दुसऱ्या टाकीत गेला पाहिजे. बोअरचं म्हणाल तर टाकी भरण्याआधी साध्या पाण्याने गळती-चाचणी करतात, त्याचा अहवाल बघायला मागा.

बोलावलंत तर मी येतो रविवारी. नकाशा मला वाचता येतो, आणि गामा_काकांनाही ओढून आणतो, ते वारज्यालाच असतात.

गामा_काका

येतो. पण चहा आणि मीटर माझ्याकडून, मुद्दे तुमच्याकडून. मीटर आणतोच, म्हणजे लोकांना मीटिंगच्या खोलीतलं बॅकग्राउंड (सगळीकडे नैसर्गिकपणे असतो तो किरणोत्सार) दाखवता येईल. ग्रॅनाइटचा ओटा असेल तर मजा येईल, त्यातूनही थोडे किरण येतात.

कोथरूडची_मावशी

दोघांचंही स्वागत. अजेंड्यावर आधी पार्किंग आहे, त्यामुळे अकराची वेळ दिली असली तरी साडेबाराला या.